मिल्क बँकेची वेगळी चूल

मंगळवारी सकाळी दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी रुग्णालयाच्या दहा विभागांचे कॉम्प्युटर अडखळू लागले. अकरावा चालू राहिला. अडखळण्याचं कारण होतं एका बाईने लिहिलेली एक ओळ. त्याच बाईने नंतर सगळं प्रामाणिकपणे टिपून ठेवलं, म्हणून पुढच्या वेळा मिनिटामिनिटाने माहीत आहेत.

ती रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळत असे. तिला सगळे कुलूपताई म्हणत, कारण तिच्याकडून पासवर्ड काढून घेणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. एकदा खुद्द अधीक्षक स्वतःचा पासवर्ड विसरले, तेव्हा ती म्हणाली होती, "चेहरा ओळखीचा आहे सर, पण कार्ड दाखवा." अधीक्षकांनी कार्ड दाखवलं. दुपारपर्यंत ही गोष्ट कँटीनमध्ये पोचली आणि नाव कायमचं चिकटलं.

सर्व्हरची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पूर्वी तिथे प्लास्टर घालत. पाय टांगून ठेवायचे दोन आकडे छताला अजून तसेच होते आणि एका आकड्याला कुलूपताई आपली पर्स अडकवत असे. एसीखाली बादली, बादलीत टपटप. शेजारची खोली कपड्यांची. तिथे बसून शिवणाच्या मावशी रुग्णालयाचे गाऊन, चादरी, उशांचे अभ्रे शिवत. मावशींचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर तीन वर्षांपूर्वी संसर्गानंतर पांढरा डाग पडला. मशीनवरची सरळ शिलाई त्या बोटांच्या अंदाजाने मारत, पण सुईत दोरा ओवणं सुटलं होतं. गेले चौदा महिने कुलूपताई रोज सकाळी कामावर आल्या आल्या त्यांना दहा सुया ओवून टाचण्यांच्या छोट्या उशीत टोचून देत असे. ते झाल्याशिवाय ती आपली खोली उघडत नसे.

चौदा महिने, कारण नेत्रपेढीच्या यादीत मावशींचं नाव तेवढेच दिवस होतं. त्या मंगळवारी त्यांची पाळी आली होती. बाहेरगावचे नेत्रशल्यविशारद दोन महिन्यांतून एकदा येत. ते त्या दिवशी आले होते आणि चार वाजता निघणार होते. मिळालेलं बुबुळ ज्या द्रावात ठेवलं होतं त्यात ते चारच दिवस टिकतं, आणि ते चार दिवस संध्याकाळी पाचला संपत होते. शस्त्रक्रिया साडेबाराला. एकच कागद बाकी होता. दात्याच्या रक्ताच्या एका चाचणीचा निकाल आधी अस्पष्ट आला होता, म्हणून नमुना पुन्हा तपासायला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आला. नमुना एका चाचणीपुरताच होता. तपासणी झाली, निकाल यंत्रातून थेट सर्व्हरवर गेला. आता प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी तो उघडायचा, सही करायची आणि कागद खाली पाठवायचा, एवढंच राहिलं होतं. तो हातात आल्याशिवाय शल्यविशारद चाकूला हात लावणार नव्हते. नियमच तसा.

त्या दिवशी मावशी खाली तळमजल्यावर होत्या. तरी कुलूपताईने सवयीने दहा सुया ओवल्या आणि उशीत टोचून ठेवल्या.

आता सर्व्हरबद्दल. यंत्र एकच होतं. त्याच्या पोटात अकरा कंटेनर, म्हणजे अकरा वेगळ्या खोल्याच म्हणा: नोंदणीची एक, प्रयोगशाळेची एक, औषधांची एक, एक्स-रेची एक, अशा. एका खोलीतल्याला दुसरीतलं दिसत नाही. प्रत्येकीला वाटतं, आख्खं घर आपलंच. पण प्रत्येक खोली चालायला तेच ते मूळ प्रोग्रॅम आणि त्यांच्या फाइली लागतात. पूर्वी त्यांची पूर्ण प्रत प्रत्येक खोलीत असे. एकच सामान अकरा ठिकाणी. दुरुस्ती आली की अकरा वेळा करायची.

चार वर्षांपूर्वी कुलूपताईच्या आधीच्या प्रमुखांनी ती पद्धत मोडली. त्यांना ती सर म्हणायची. आता ते निवृत्त होते. त्यांनी ते सगळं सामान बाहेर एका डिरेक्टरीत ठेवलं, तिला 'सामाईक' नाव दिलं आणि ती प्रत्येक खोलीत अशी जोडली की खोलीला ती स्वतःचीच वाटावी. वाचायला मोकळी, लिहायला बंद.

पहिल्या दिवशी त्यांनी कुलूपताईला विचारलं होतं, "घरी कोण कोण?"

"सासूबाई, मोठे दीर, जाऊ, आम्ही दोघं."

"स्वयंपाकघर एकच?"

"एकच."

"मग तुला शिकवायला काय नको. भांड्यांची मांडणी एक, ताट ज्याचं त्याचं. मांडणीतलं कुणीही घ्यावं, मांडणी कुणी हलवायची नाही."

"सर, आमच्याकडे रोज हलते."

"म्हणून तर इथे बंद ठेवलीय."

दहा खोल्या सामाईकवर आल्या. अकरावी आली नाही. ती मिल्क बँकेची.

मिल्क बँकेत आयांनी दिलेलं जास्तीचं दूध तपासून, निर्जंतुक करून, गोठवून ठेवतात आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दर दोन तासांनी पाठवतात. प्रत्येक बाटलीवर लेबल लागतं: कुठल्या क्रमांकाचं दूध, कधी तपासलं, कुठल्या बाळाला. लेबल नाही तर बाटली फ्रीजबाहेर येत नाही. सामाईकवर आणायला ती खोली वीस मिनिटं बंद ठेवावी लागणार होती आणि तिथल्या प्रमुख सिस्टर त्याला तयार नव्हत्या.

"वीस मिनिटं?" त्या म्हणायच्या. "माझी बाळं वीस मिनिटं श्वास धरून बसतील का? विचारून येते त्यांना."

असं त्या चौदा वेळा म्हणाल्या. कुलूपताईकडे तारखा होत्या. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सामाईकची दुरुस्ती झाली की मिल्क बँकेच्या खोलीत शिरून तीच दुरुस्ती पुन्हा हाताने करायची. चाळीस मिनिटं. ती ते करायची, न चुकता, आणि दर वेळी पुटपुटायची. कँटीनमध्ये त्याला 'मिल्क बँकेची वेगळी चूल' म्हणत. हे नाव तिनेच पाडलं होतं. अधीक्षकांना तिने लेखी कळवलंही होतं की ही खोली जागा आणि वेळ दोन्ही वाया घालवते.

पंधराव्यांदा सिस्टर हो म्हणाल्या. मंगळवार, साडेदहा.

कुलूपताई आठलाच आली. लेबल छापणाऱ्या प्रिंटरच्या काही फाइली फक्त मिल्क बँकेकडे होत्या. त्या आधी सामाईकमध्ये टाकायला हव्या होत्या. त्यासाठी तिने मिल्क बँकेच्या खोलीत 'तयारी' नावाचं एक फोल्डर केलं, त्यात सामाईक जोडलं आणि लिहायला मोकळं केलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ते बंद दार उघडलं गेलं. फाइली गेल्या. सगळं ठीक.

दहा एकोणीसला फोन वाजला.

"आज नाही हो," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही शब्द दिलाय."

"जुळी आलीत पहाटे. दोघांचं मिळून दोन किलो नाही. त्यांना सांगते, कुलूपबाईंना शब्द दिलाय, जरा थांबा?"

"नाही, नको."

"चिडलात?"

"नाही."

"चिडा, पण नंतर. ठेवते."

कुलूपताईने वहीत तारीख आणि वेळ लिहिली. पंधरावा नकार. मग केलेली तयारी आवरायला बसली. आवरायची रीत ठरलेली होती: आधी जोडलेलं सोडवायचं, मग फोल्डर पुसायचं. ती चिडली होती, आणि चिडलेला माणूस ओट्यावरचा पसारा जसा एका हाताने ओढतो तसं तिने पहिलं पाऊल गाळून दुसरं टाकलं. 'तयारी' पुसण्याची ओळ लिहिली आणि एंटर दाबलं.

चार-पाच फाइलींचं फोल्डर पापणी लवायच्या आत जातं. हे गेलं नाही. दोन सेकंद. चार. आठव्या सेकंदाला तिला कळलं. 'तयारी' हे नुसतं दार होतं, आणि दारामागे दहा खोल्यांची मांडणी होती. तिने काम मध्येच तोडण्याची कळ दाबली तेव्हा अकरा सेकंद झाले होते.

दहा अठ्ठावीस.

लगेच सगळं बंद पडलं नाही. जे प्रोग्रॅम आधीपासून चालू होते ते यंत्राच्या स्मृतीत होते, ते चालत राहिले. नव्याने काही उघडायला गेलं की मात्र ते सापडत नव्हतं. दहा एकतीसला नोंदणीच्या खिडकीवरून फोन आला: नवा पेशंट घेत नाही. दहा तेहेतीसला औषधं. दहा छत्तीसला प्रयोगशाळा: निकाल उघडत नाही, छापायचं दूरच.

दिवसभर ती सगळ्यांना एकच औषध सांगत असे, बंद करून चालू करा. तिचा हात त्याच कळीकडे गेला. कळीवर थांबला. मग तिने तो मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. सरांना फोन करायची तिला लाज वाटत होती. तरी केला.

"सर, मी सामाईक पुसलं."

पलीकडे मटार सोलण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"सगळं?"

"जवळजवळ."

"काही रीस्टार्ट केलंस?"

"नाही. करणार होते."

"अजिबात करू नकोस. जे चालू आहे ते केवळ आठवणीवर उभं आहे. एकदा झोपलं की उठायचं नाही. हात कुठे आहेत तुझे?"

"मांडीवर."

"तिथेच ठेव. बॅकअप..." सर बोलता बोलता थांबले. दोघांनाही उत्तर माहीत होतं. रोज प्रत्येक खोलीच्या नोंदींचा बॅकअप होत असे, सामाईकचा नाही, कारण ते केव्हाही नव्याने आणता येतं असं चार वर्षांपूर्वी ठरलं होतं. "तो निर्णय माझा. लिहिताना तसं लिही," सर म्हणाले.

"नव्याने आणायला किती लागेल?"

"मूळ सामान दोन तासांत येईल. त्यावर चार वर्षांच्या दुरुस्त्या, त्याच क्रमाने. लॅबचा प्रोग्रॅम जरा जरी वेगळं दिसलं तरी फुरंगटतो. संध्याकाळचे सात धर."

"सर, मावशींचं बुबुळ पाचपर्यंतच आहे. डॉक्टर चारला जाणार."

सर म्हणाले, "आण तर खरं. सुरुवात कर. मी फोनवर आहे."

तिने मूळ सामान आणायला लावलं. पडद्यावर टक्के सरकू लागले: शून्य, शून्य, एक.

दहा चव्वेचाळीसला जावेचा फोन आला. थोरली जाऊ नेत्रविभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. सकाळी दोघी घरून एकत्र निघाल्या होत्या आणि रस्ताभर बोलल्या नव्हत्या, कारण आदल्या दिवशी कुणीतरी कुकरची शिट्टी भलत्याच डब्यात ठेवली होती.

"अगं, लॅबवाले म्हणतायत, रिपोर्ट निघत नाही. तुझं काही आहे का त्यात?"

"आहे, वहिनी. माझंच आहे."

"दुरुस्त होईल ना?"

"सात वाजतील."

एरवी जाऊने चांगलंच सुनावलं असतं. "मावशींना थेंब घालायला सुरुवात करायचीय साडेअकराला. मी बाराला सुरू करते, जमेल तेवढं ढकलते. घे, त्यांनाच बोलायचंय."

"कुलूप का गं?" मावशींचा आवाज फोनमध्ये नेहमीपेक्षा मोठा यायचा. "मी शिवलेला गाऊन मलाच घातलाय यांनी. नाडी तोकडी झालीय, आज कळलं. इतकी वर्षं कुणी बोललं नाही."

"मावशी..."

"तुझं ते यंत्र बसलंय म्हणे. बसू दे, उठेल. तुझा हात आहे त्यावर, मला काय घोर?"

फोन ठेवल्यावर कुलूपताई उठून उभी राहिली आणि परत बसली. टक्के सहावर होते.

दहा बावन्नला पुन्हा फोन. मिल्क बँक. तिने उचलला आणि काही बोलायच्या आत सिस्टर सुरू झाल्या.

"कुलूपबाई, खालून नव्या बाळांची यादी येत नाहीये. नोंदणीवाले म्हणतात तुम्हाला विचारा."

"नोंदणी बंद आहे, सिस्टर. सगळंच बंद आहे."

"सगळं कुठे? माझं चाललंय. लेबलं निघतायत की टराटरा."

"तुमचं..."

"माझं का बंद पडेल? मी काय बिघडवलंय?"

कुलूपताई पुन्हा उभी राहिली. मिल्क बँकेच्या खोलीत तिची स्वतःची पूर्ण प्रत होती. तेच प्रोग्रॅम, त्याच फाइली, सगळ्या दुरुस्त्यांसकट, कारण आठ दिवसांपूर्वी, पहिल्या सोमवारी, तिने स्वतः पुटपुटत चाळीस मिनिटं बसून त्या केल्या होत्या. 'तयारी' पुसताना त्या प्रतीला धक्का लागला नव्हता.

"सिस्टर, ऐका. मला तुमच्या खोलीतल्या सामानाची प्रत काढू द्या. खोली बंद करणार नाही. काही हलवणार नाही, नुसतं वाचणार. पण दहा-बारा मिनिटं तुमचं लेबल सावकाश निघेल."

"सावकाश म्हणजे किती?"

"दोन सेकंदांऐवजी वीस."

"हे झालं कशाने?"

"माझ्या चुकीने."

"बरं." सिस्टर मनात हिशेब करत होत्या, मागे बाटल्यांची किणकिण ऐकू येत होती. "बारा वाजताच्या चोवीस बाटल्या आहेत. त्यांची लेबलं मी आत्ताच काढून घेते. पाच मिनिटं थांबा. मी सांगेन तेव्हाच हात लावायचा. आधी लावलात तर याद राखा."

"नाही लावणार."

त्या दिवसात सर्वांत कठीण काय होतं असं नंतर जावेने विचारलं, तेव्हा कुलूपताईने ही पाच मिनिटं सांगितली. हातात उपाय होता आणि हात मांडीवर ठेवायचे होते. एसीची बादली भरत आली होती. तिने तेवढ्यात बादली ओतली आणि सरांना कळवलं.

सर म्हणाले, "वेगळी चूल?"

"हो."

"मी निवृत्त होताना तुला काय सांगून गेलो होतो? 'ती खोली तेवढी उरलीय, तीही आत घे.' नशीब तुझं, सिस्टरने माझंही ऐकलं नव्हतं."

दहा अठ्ठावन्नला सिस्टरांचा फोन आला. "चोवीस निघाली. करा."

या वेळी तिने क्रम मोडला नाही. आधी मिल्क बँकेची प्रत लिहायला बंद केली, नुसती वाचायला ठेवली. दोनदा तपासलं. सरांना ओळ मोठ्याने वाचून दाखवली, सरांनी ती परत तिला वाचून दाखवली. मग एंटर. बारा मिनिटं म्हटलं होतं, सोळा लागली. रिकाम्या सामाईकमध्ये सामान परत भरत गेलं. ती डिरेक्टरी स्वतः शाबूत होती, कारण जोडलेली वस्तू यंत्र मुळासकट पुसू देत नाही. आतलं गेलं होतं, मांडणी जागेवर होती. त्यामुळे कुठलीच खोली बंद करावी लागली नाही. जसजसं भरलं तसतसं दहा खोल्यांना आपापलं सामान पुन्हा दिसू लागलं.

अकरा सोळाला नोंदणी. अकरा अठराला औषधं. अकरा एकोणीसला प्रयोगशाळेत निकाल उघडला.

छापायला गेलं तर कागदावर अक्षरांच्या जागी चौकोन. प्रयोगशाळेला लागणारे छपाईचे फाँट सामाईकमध्ये नंतर घातलेले होते. मिल्क बँकेला ते कधी लागलेच नव्हते. पडद्यावर निकाल नीट दिसत होता, कागदावर नव्हता.

"फाँट शोधायला किती वेळ?" प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं.

"अर्धा तास. कदाचित तास."

"कशाला? मला वाचता येतं, लिहिताही येतं."

त्यांनी निकाल पडद्यावरून स्वतःच्या हाताने कागदावर उतरवला, आकडे दोनदा पडताळले, सही केली, शिक्का मारला. जाऊ तोवर दोन जिने चढून दारात येऊन उभी होती. कागद घेऊन ती उतरली तेव्हा अकरा एकेचाळीस झाले होते. शल्यविशारदांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "डॉक्टरचं अक्षर आणि वाचता येतंय? शिक्का खरा आहे ना?" जावेने ते घरी जाताना सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना दोघी रस्ताभर बोलत होत्या.

शस्त्रक्रिया बारा चाळीसला सुरू झाली. दहा मिनिटं उशिरा.

एक्स-रेची खोली मात्र संध्याकाळी सात दहापर्यंत उठली नाही. तिच्या दोन फाइली मिल्क बँकेकडे नव्हत्या. त्या नव्यानेच आणाव्या लागल्या. तोवर एक्स-रेवाल्यांनी फिल्म हातात घेऊन वॉर्डांत फेऱ्या मारल्या आणि कुलूपताईच्या नावाने जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं.

बुधवारी सकाळी तिने अधीक्षकांसमोर एक पान ठेवलं. वेळा, कारण, परिणाम. 'चूक कोणाची' या ओळीपुढे तिने स्वतःचा हुद्दा लिहिला होता. सरांचा बॅकअपचा निर्णय तिने लिहिला नव्हता. तो सरांनी स्वतः वेगळ्या पत्राने कळवला, हे तिला नंतर समजलं.

अधीक्षकांनी पान वाचलं. "मिल्क बँकेची खोली जागा वाया घालवते, असं तुमचंच पत्र आहे माझ्याकडे."

"ते परत द्याल का, सर?"

"पत्र परत घेता येत नाही. आवक क्रमांक पडलाय." त्यांनी ते शोधून काढलं, त्यावर 'कार्यवाही नको' लिहिलं आणि खाली सही केली. "झालं. आणि आता सामाईकचा बॅकअप?"

"कालपासून सुरू आहे."

तिथून ती मिल्क बँकेत गेली. दारातच सिस्टरांनी अडवलं. "हात धुतले? कोपरापर्यंत. घड्याळ काढा."

तिने हात धुतले, घड्याळ काढलं, टोपी घातली. आत फ्रीजची घरघर होती आणि काचेपलीकडे नवजात विभाग. जुळी एकाच पेटीत शेजारी शेजारी होती.

"आभार मानायला आले," कुलूपताई म्हणाली.

"कशाचे? मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही. मी तुम्हाला पंधरा वेळा पिटाळलंय."

"त्याचेच. काल तुम्ही हो म्हणाला असतात तर मी तुमची प्रत काढून टाकली असती. आणि मग आवरताना तीच चूक केली असती. तेव्हा कुठेच काही उरलं नसतं."

सिस्टर बाटलीवर लेबल लावत होत्या. त्यांनी कोपरा नीट दाबला. "तुम्हाला म्हणून सांगते, परवा मी खरंच हो म्हटलं होतं. कंटाळले होते तुमच्या फोनांना. ही दोघं आली म्हणून." त्यांनी हनुवटीने काचेकडे खूण केली. "आभार मानायचे तर त्यांचे माना. आणि इथे गर्दी करू नका."

कुलूपताई काचेपाशी मिनिटभर थांबली. एका बाळाची टोपी डोळ्यांवर आली होती. परिचारिकेने ती वर केली. मग कुलूपताई निघाली.

मावशींना खरं काय ते तिने शनिवारी सांगितलं. मावशी कॉटवर बसल्या होत्या, डोळ्यावर छिद्रांचं झाकण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तूच घालवलंस."

"हो."

"आणि तूच आणलंस."

"मिल्क बँकेतून आणलं."

"तुला सांगायची गरज नव्हती. मला कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

मावशींनी हात पुढे केला, चाचपडत तिचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. "चौदा महिने तू माझ्या सुया ओवल्यास. एकीचा दोरा निसटला म्हणून बाकीच्या मी मोजायच्या नाहीत की काय?" मग जरा वेळाने, "बुबुळ कुणाचं गं? तुझ्या यंत्रात असेल."

"नाव नसतं, मावशी. फक्त क्रमांक."

"तो तरी सांग."

"तोही सांगता येत नाही."

"कुलूप ते कुलूपच," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. "बरं. तुला माहीत आहे ना? मग तू तो माझ्या वतीने मनात म्हण. रोज एकदा. माझं काम तुझ्याकडे दिलं."

तिने ते काम घेतलं.

बुबुळाचे टाके सावकाश बसतात. सहा आठवड्यांनी मावशी कामावर आल्या. त्यांनी गाऊनच्या सगळ्या नाड्या चार बोटं लांब केल्या आणि कुणी विचारलं की म्हणायच्या, "स्वतः घालून पाहिलाय." मिल्क बँकेला त्यांनी मऊ सुती टोप्यांची चळत पाठवली, मुठीएवढ्या. सिस्टरांनी त्या उकळून घेतल्या आणि 'शिवण आत नको, बाहेर हवी' असा निरोप पाठवला. मावशींनी पुढची चळत तशी केली.

कुलूपताई रोज सकाळी दहा सुया ओवत राहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या महिन्यात, पहिल्या सोमवारी ती आली तर उशीत नऊच सुया होत्या. दहावी मावशींच्या हातात होती. खिडकीकडे तोंड करून त्यांनी दोरा ओठांनी ओला केला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा दोऱ्याचं टोक फाटलं. त्यांनी ते कापलं. कुलूपताईने हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा दोरा आत गेला आणि पलीकडे आला.

मावशींनी तो लांब ओढला, गाठ मारली आणि सुई तिला नीट दिसेल अशी धरली.

"बाकीच्या नऊ तू ओव," त्या म्हणाल्या. "एवढ्यात सुटका नाही."

तिने नऊ ओवल्या. मग शेजारची खोली उघडली, पर्स आकड्याला अडकवली, मनात एक क्रमांक म्हटला आणि सामाईकची दुरुस्ती केली. ती झाल्यावर मिल्क बँकेच्या खोलीत शिरून तीच दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून हाताने केली. चाळीस मिनिटं लागली. एकदाही पुटपुटली नाही.